डायनिंग टेबलावरून ॲमेझॉन

चहा घ्या आधी, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला शहाणी म्हणणार नाही. सिडनीत मोठमोठे प्रोजेक्ट चालवते मी, पण माझ्याइतकी ठार आंधळी बाई आमच्या अख्ख्या केलीव्हिल उपनगरात सापडायची नाही!

माझे बाबा पुण्यात भूगोलाचे मास्तर. पस्तीस वर्षं फळ्यावर ॲमेझॉन काढली, पाहिली कधीच नाही. आई गेल्यावर मी ठरवलं, पंचाहत्तरीला यांना क्रूझने थेट ॲमेझॉनमध्ये न्यायचं. बुकिंग केलं आणि कोविड आला! क्रूझ रद्द, ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद. मी इथे, बाबा तिथे एकटे.

मग काय, जहाज मी आमच्या डायनिंग टेबलावरूनच सोडलं. आमच्या दुपारी, म्हणजे बाबांच्या सकाळच्या चहाला, रोज व्हिडिओ कॉल. मी कॅप्टन, माझी नऊ वर्षांची सई वेटर आणि बाबा एकुलते एक प्रवासी. एक्सेल शीटवर सगळं वेळापत्रक! हजेरी, नाश्ता, मग डेकवर फेऱ्या. डेक म्हणजे बाबांची गॅलरी. उशीर झाला तर भांडी घासायची. हसू नका, मला बापाची करमणूकसुद्धा शीटवर लागते.

बाबांनाही चेव आला. "कॅप्टन, किनारा दिसायच्या आधीच समुद्राचं पाणी गढूळ होतं बरं का! तपकिरी झालं की समजायचं, नदी आली."

सईने लगेच ग्लासभर चहा कॅमेऱ्यासमोर धरला. बाबा केवढे हसले!

नदीत शिरलो आणि त्यांचं नाश्त्यावरचं मन उडालं.

"कशाला चवच नाही गं."

"जहाजावरच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत!"

"मग बोट लागली असेल."

"गोळी घ्या आणि डेकवर चला. दहा फेऱ्या!"

बिचाऱ्यांनी चार मारल्या आणि धापा टाकत बसले. मी शीटमध्ये 'आळस' लिहिलं. हो, लिहिलं! आता बघता काय माझ्याकडे?

दोन दिवसांनी कॉल लागला तर बाबांच्या मागे हा भला मोठा हिरवा पडदा. मी टाळ्याच पिटल्या.

"अय्या बाबा, जंगल! खास आजच्यासाठी लावलंत?"

बाबांनी वळून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो गं. नदीत शिरलोय ना."

मागून सारखं टीं टीं वाजत होतं.

"आणि पक्षीही? कमाल आहे हं तुमची!"

"झोपू देत नाहीत मेले."

सई माझी बाही ओढत म्हणाली, "मम्मा, आय थिंक आजोबा इज इन अ हॉस्पिटल."

"गप गं! मूड घालवू नकोस त्यांचा."

वर मी स्क्रीनशॉट काढून आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. 'आमचे प्रवासी जंगलात दाखल! तब्येत ठणठणीत!' बावीस नातेवाईक, पटापट बावीस अंगठे. कुणी चकार शब्द काढला नाही.

कॉल ठेवताना मी विचारलं, "काय मास्तर, दुसरा काठ दिसतोय का?"

"नाही गं. मुखाशी नदी इतकी रुंद असते, दुसरा काठ दिसतच नाही."

"उद्या दाखवते. वेळेवर या."

दुसऱ्या दिवशी बाबा आलेच नाहीत. दहा मिनिटं थांबले आणि मेसेज ठोकला, 'उशीर! आज भांडी तुमच्याकडे!' शीट उघडून त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' टाकलं. तेवढ्यात पुण्याहून चुलतभावाचा, सुहासदादाचा फोन आला. बाबा पहाटेच गेले होते.

"दोन दिवस ॲडमिट होते गं काका," तो रडत म्हणाला. "तुला येता येणार नाही, उगाच जीव टांगणीला नको, म्हणून सगळ्यांनाच बजावलं होतं. म्हणाले, पोरीला कळलं तर ती जहाज थांबवेल."

माझी माणसं ही! परदेशातल्या पोरीला वाईट बातमी कळू द्यायची नाही, मग मागे काहीही होवो. पण त्यांना काय बोलू? बाबांनी पडदा दाखवला, आवाज ऐकवला, माझ्या नऊ वर्षांच्या पोरीलाही कळलं. कळलं नाही ते फक्त कॅप्टनला. अंत्यविधीही मी त्याच टेबलावर बसून पाहिला.

शीट अजून आहे लॅपटॉपवर. 'आळस' मी खोडला. 'गैरहजर' तसंच ठेवलंय, फक्त तिथलं बाबांचं नाव काढून माझं टाकलंय.