दसऱ्याला मिळालेली चावी

टेम्पो निघाला तेव्हा शेजारच्या सिंधी काकी डाळ-पकवानाचा डबा घेऊन धावत आल्या. "भाईसाब, नया घर है, पुरानी झाडू मत ले जाना," असं त्यांनी बाबांना बजावलं. बाबांनी हसत झाडू उतरवून ठेवला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली एक खोली सोडून आम्ही बदलापूरला, बेलवलीतल्या नव्याकोऱ्या इमारतीत निघालो होतो. सगळी गल्ली निरोपाला उभी होती.

आता तुम्ही गल्लीतले मला फोनवर विचारता, नव्या बिल्डिंगमध्ये घर घ्यावं का? इथे हवा खेळते. आईला ऐसपैस ओटा मिळालाय, मला दार लावून घेता येईल अशी खोली. डोक्यावर जीन्सच्या कारखान्याची मशिनं धडधडत नाहीत. कॅम्पात हे सुख सात जन्मांत मिळालं नसतं. पण इथले नळ कोरडे आहेत, आणि हे बाबांनी तुम्हाला सांगितलेलं नाही.

दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाबांना त्याच दिवशी बुद्धवंदना घेऊन घरात पाऊल टाकायचं होतं. समोरच्या कोकणातल्या कुटुंबाला दसऱ्याचा मुहूर्त हवा होता. बिल्डरने हे बरोबर हेरलं. पालिकेचा राहण्याचा दाखला आलेला नव्हता, आणि तो नाही तर पालिकेचं पाणी नाही. तरी त्याने सगळ्यांना चाव्या वाटल्या. मी म्हटलं, थांबूया. बाबा म्हणाले, "सगळं आयुष्य कारखान्यात गेलं माझं. हा दिवस चुकवू नको."

आम्ही आत शिरलो आणि बिल्डरचं काम झालं. दाखल्याचं विचारलं की त्याचा माणूस म्हणतो, "मॅडम, राहताय ना? मग प्रॉब्लेम काय?" अरे, सत्तरीतला माणूस टँकरच्या पाण्याच्या बादल्या घेऊन जिने चढतोय, हा प्रॉब्लेम! माझं डोकं फिरतं. आणि बाबा वर पोचले, की धापा टाकत म्हणतात, "कॅम्पात बोलू नको. लोक म्हणतील, म्हातारा फसला."

मग बिल्डरने पुढच्या इमारतीचा बोर्ड लावला. त्यावर बाबांचा फोटो, दसऱ्याला चाव्या वाटताना काढलेला; हातात चावी धरून हसणारे बाबा. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तो बघून गल्लीतला रमेश बुकिंगला आला. "काका, तुमचा फोटो बघितला, म्हटलं आता टेन्शन नाय."

बाबांनी रमेशला वर आणलं, मोरीतला नळ पूर्ण सोडला आणि त्याला कोरडा नळ बघायला लावलं.

परत कॅम्पात येणार का, असं आईला काकींनी विचारलं. नाही येणार. हे घर आमचं आहे, म्हणून तर भांडतोय. आता दर रविवारी बाबा त्या बोर्डाखाली खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचं सांगतात. मी शेजारी बसते. परवा वॉचमन उठवायला आला. बाबांनी वर बोट दाखवलं.

"हा मीच. आधी त्याला उतरवा, मग मी उठतो."