खानावळीतलं सुतक

गेली नऊ वर्षं मी दुपारचं हॉटेलात जेवते. रात्री अंडं आणि पाव, नाहीतर नुसता चहा. स्वयंपाक येत नाही असं नाही, पण एकटीसाठी नारळ फोडावासा वाटत नाही. अर्धा खवला की उरलेला अर्धा फ्रीजमध्ये पिवळा पडतो, आणि मग मला त्या नारळाचाच राग येतो.

माझी शाळा सर्वणच्या बाजूला, आणि राहायला डिचोलीत दोन खोल्या. त्याआधी मी हळर्णेला होते, सासरी. सतरा वर्षं होते. मग घटस्फोट झाला. लोक कारण विचारतात. मारहाण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. पटलं नाही. एवढंच सांगितलं की लोकांचा हिरमोड होतो, जसं काही मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला. सतरा वर्षं पटवून घेतलं आणि अठराव्या वर्षी कंटाळा आला, यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं नाही.

नवऱ्याची आठवण येत नाही. खोटं कशाला बोलू? आठवण येते ती जेवणाची, म्हणजे सासूच्या हातच्या. मी नारळ खवायची, वाटण वाटायची, बांगडे साफ करून तुकड्या करून द्यायची. पण मडकीत पळी घालायचा हक्क तिचा. मी जरा चुलीकडे सरकले की ती म्हणायची, तू शाळा बघ. त्यामुळे सतरा वर्षांत मी हुमण, म्हणजे आमची नारळाच्या वाटणातली माशांची आमटी, एकदाही स्वतः केलं नाही. पोरांना पाढे शिकवणारी बाई, आणि हुमणात तिरफळं कधी घालतात ते विचारलं तर गप्प.

सुरुवातीला मी हॉटेलं शोधत फिरले. पेडण्यात हायवेला नवीन झालीत तिथे गेले, तर फिश थाळी म्हणून स्टीलचं भलंमोठं ताट, त्यात आठ वाट्या, आणि आठही वाट्यांना एकच चव. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. हरमलला शाळेतल्या बायकांबरोबर एकदा किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसले. मेनूकार्डावर रशियन अक्षरं होती, आणि करी गोड होती. मी वाढणाऱ्याला विचारलं की यात साखर घातली आहे का. तो हसून म्हणाला, फॉरेनरना तिखट चालत नाही. मी म्हटलं, मी फॉरेनर दिसते का? बाकीच्या बायका टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावायला लागल्या. असं माझं तोंड आहे.

शेवटी डिचोली बाजाराच्या मागे एक खानावळ सापडली. घराच्याच पुढच्या खोलीत पाच टेबलं. मालकीण दोडामार्गाकडची, माझ्याहून थोडी मोठी. नवरा खाणीवरच्या ट्रकवर होता. खाण बंद पडली तेव्हा तिने चूल मोठी केली. सोमवारी आणि गुरुवारी तिच्याकडे शिवराक, म्हणजे मासळीशिवायचं जेवण, बाकी दिवस नुस्तें, म्हणजे मासळी. जेवण बरं असे. हळर्णेसारखं नसे, पण मी ते म्हणायचं सोडून दिलं होतं. पोट भरायचं, हात धुवायचे, बाहेर पडायचं. कोणी विचारलं असतं की आज काय जेवलीस, तर मला सांगता आलं नसतं.

दोन वर्षांमागे बुधवारच्या बाजारात सासू दिसली. एकटीच होती, हातात पिशवी, पावसाळ्याची बेगमी करायला आलेली. मला वाटलं तोंड फिरवून जाईल. तिने पिशवी माझ्या हातात दिली, जशी रोज द्यायची तशी, आणि चालायला लागली. मी तिला खानावळीत नेलं. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. एका टेबलावर ती आणि मी, हे पहिल्यांदाच घडत होतं. घरी ती कधी बसलीच नाही. ताटं आली. तिने हुमणात बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"ह्यांच जेवतंस तू सदां?" तिने विचारलं.

मी म्हटलं, चांगलं असतं. आपल्या ताटातली तळलेली तुकडी उचलून तिने माझ्या भातावर ठेवली. मग बसमध्ये चढताना म्हणाली की एकदा घरी ये. मी म्हटलं, कोणत्या नात्याने येऊ? ती म्हणाली, ते तू ठरव. बस सुटली. मी काही ठरवलं नाही. आज ठरवू, उद्या ठरवू, करत राहिले.

मागच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, मी खानावळीत अर्धी जेवले होते तेव्हा हळर्णेच्या शेजारणीचा मेसेज आला. तुझी सासू गेली, चारला नेतात. दीड वाजला होता. तुझी सासू, असं तिने लिहिलं होतं. नऊ वर्षांनीसुद्धा तिला दुसरा शब्द सुचला नव्हता.

ताटात अर्धा बांगडा होता. सुतक ऐकल्या क्षणापासून लागतं आणि सुतकात मासे खात नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी उरलेला अर्धा बांगडा खाल्ला. काटे नीट बाजूला काढले. मला रडू आलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की मला सुतक आहे का?

स्कूटर काढली असती तर चारच्या आत पोचले असते. नाही गेले. मयताच्या घरी घरच्या बायका आत बसतात, बाहेरून आलेल्या सोप्यावर. मी कुठे बसणार होते? आत गेले असते तर कोणी उठवलं असतं. सोप्यावर बसले असते तर मीच मेले असते.

संध्याकाळी आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांना फोन केला. ते भटपण करतात. मैत्रिणीचं आहे असं सांगून विचारलं. ते म्हणाले, घटस्फोट झाला म्हणजे त्या घराचं सुतक लागत नाही, तुमची मैत्रीण मोकळी. मी आभार मानून फोन ठेवला. मोकळी म्हणे. मोकळी तर बसस्टँडवरची गुरंही असतात.

दुसऱ्या दिवशी खानावळीत मी शिवराक मागितलं. मालकीण म्हणाली, आज बुधवार ना? मी म्हटलं, सुतक आहे. मी हे ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघालं.

तिच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. आजूबाजूचे दोघे-तिघे बघायला लागले.

"बाई, सुतकात कोण भायर जेवता?" ती म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सुतकातलं माणूस लोकांच्या दारात जात नाही, त्यांच्या चुलीजवळ तर नाहीच. ते आपल्या घरात बसतं, सगळी सुतकी एकत्र जेवतात. सुतक पाळायला आधी घर लागतं. मी मात्र सुतक घेऊन हॉटेलात आले होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी पर्स उचलली. तिने हळूच विचारलं, कोणाचं? मी म्हटलं, सासूचं. मी एकटी राहते हे तिला ठाऊक होतं. तिने पुढे काही विचारलं नाही, फक्त घरी जाऊन बसायला सांगितलं.

तीन वाजता ती स्वतः डबा घेऊन आली. भात, बिनफोडणीची डाळ, दुधीची भाजी. डबा तिने माझ्या हातात दिला नाही. उंबऱ्यात ठेवला आणि दोन पावलं मागे झाली, मला शिवू नये म्हणून. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! मेसेज आल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं होतं. कोणीतरी मला सुतकी धरलं होतं. ती गेल्यावर मी तो डबा जमिनीवर बसून खाल्ला आणि थोडी रडले. मग पुन्हा सगळं बंद झालं.

ती रोज येत राहिली. सुट्टी होती, मी घरातच होते. मरणाला कोणी बोलावत नाही, आपण जायचं असतं. ते मी चुकवलं होतं. पण बाराव्याला बोलावतात. मी त्या बोलावण्याची वाट बघत होते. फोन आंघोळीलाही बरोबर नेत होते. त्या घरातून कोणीतरी नुसतं ये म्हणावं, एवढंच मला हवं होतं. बाकी मला कशाचं काही नव्हतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. नवऱ्याचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"आवयक काय आवडतालां गो?" त्याने विचारलं. "फाल्यां पान वाडूचां आसा. हंय कोणाकच खबर ना."

बाराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून पान वाढायचं असतं. पोटच्या मुलाला ठाऊक नव्हतं. आणि मला? मी आठवायला लागले. तिचं हुमण आठवलं, पेज आठवली, गणपतीतलं खतखतं आठवलं. तिने आम्हाला वाढलेलं सगळं आठवलं. ती जेवताना मात्र आठवेना. ती सगळ्यांच्या मागून, चुलीकडे तोंड करून जेवायची. तिच्या ताटात काय असे, ती पुन्हा काय घेई, ते मी सतरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मी तिचं काय खाल्लं एवढंच मला ठाऊक होतं.

फोनवर तो थांबला होता. ठाऊक नाही म्हटलं असतं तर त्याने बरं म्हणून ठेवला असता, आणि त्या घराला माझ्याशी पुन्हा काही काम उरलं नसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"घोटांचां सासव," मी म्हटलं.

घोटं म्हणजे ते बारके रानटी आंबे. नारळ, मोहरी आणि गुळात शिजवलेले. ते मला आवडायचं. मे महिन्यात ती करायची तेव्हा दोन घोटं वाटीत काढून झाकून ठेवायची, मी शाळेतून येईपर्यंत. तो बरां म्हणाला. मी ये म्हणण्याची वाट बघितली. त्याने फोन ठेवला.

शेजारणीने नंतर सगळं सांगितलं. घोटं मिळायला अस्नोड्यापर्यंत जावं लागलं. पान ठेवल्याबरोबर कावळा शिवला. जमलेले सगळे म्हणाले, बघा, सुनेला बरोबर ठाऊक होतं.

सुनेला, असं म्हणाले. मी तिला दोनदा विचारून घेतलं. नऊ वर्षांनी त्या घरात, चार माणसांत, मला सून म्हटलं गेलं, आणि ते मी खोटं बोलून मिळवलं. आईला काय आवडायचं, ते मला अजूनही ठाऊक नाही.