सासूच्या वाटची भाकर

गेल्या साली डॉक्टरांनी माझ्या नातीला तपासून सांगितलं, हिला सिलिॲक आहे, गहू बंद, जन्मभराचा. पोळी नाही, बिस्कीट नाही, शिरा नाही, शेवया नाहीत. माझ्या मुलानं कपाळाला हात लावला. सुनेनं डोळ्यांना पदर लावला. मी मात्र फस्सकन हसले.

"माय, हासून काहून राह्यली वं?" मुलगा चिडला.

हसू नको तर काय करू बाप्पा! हेच दुखणं मी लग्न झाल्यापासून वागवते आहे. आमच्या काळी त्याला हे नाव नव्हतं, एवढंच. आमच्या काळी त्याचं नाव सासू होतं.

माझं माहेर रिठदकडचं. थोडीशी जमीन, जवारी पिकायची आणि जवारीच खायचो. गहू सणापुरता. सणाच्या दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडायचं, तर आई म्हणायची, अधाशावानी खाल्लं, भोग आता. सणाला कोणाचं पोट बिघडत नाही? मीही कधी विचार केला नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं. सासर मंगरूळपीरच्या अलीकडं. विहिरीवर मळा, मळ्यात गहू. त्या घरात सुनेच्या ताटात दोन्ही वेळा गव्हाची पोळी, वर तुपाची धार. पाणवठ्यावर बाया जळायच्या माझ्यावर. सासू अंगानं काटकुळी, बोलणं तुटक. मी जेवायला बसले की ती समोर बसायची आणि शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहायची. "खाय. आखी खाय." दुसरं काही बोलायची नाही. मला ते बघणं आवडायचं नाही.

पावसाळा सरेपर्यंत माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि हातपायाच्या काड्या झाल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. भर जेवणातून उठून लोटा घेऊन पळायचे. वैद्य आले, नाडी पाहिली, म्हणाले, पोटाला जड काही देऊ नका, पोळी दुधात कुस्करून द्या. सासूनं पोळी कुस्करून दिली. जितकी मी खंगले, तितकी पोळी वाढली.

शेवटी आई मला माहेरी घेऊन गेली. तिथं आपली भाकर, आंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. महिन्याभरात गाल भरले. परत सासरी आले की पंधरवड्यात पुन्हा तेच. असं दोनदा झालं तशी आईच्या मनात पाल चुकचुकली.

"माह्या घरी बरी, तिच्या घरी बिमार. काय समजाव मानसानं?" आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. "ते बाई तुह्या पोटात काईतरी घालून राह्यली."

"कायले घालीन वं?"

"तिच्या भावाची पोरगी लग्नाची हाय. तिलेच सून करनार व्हती. तुह्या सासऱ्यानं आयकलं नाही."

हे मला माहीत नव्हतं. मग मी सासरी गेले ती डोळ्यांत तेल घालूनच.

आणि बघा, दिसायलाही लागलं. सासू सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, मागच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून. तिची दुरडी वेगळी, झाकलेली. एकदा मी दाराआडून पाहिलं. दुरडीत भाकर! माझ्या ताटात पोळी आणि ही भाकर खाते? स्वतःच्या हातची पोळी स्वतः तोंडात घालत नाही? तुम्हीच सांगा, काय समजायचं? मी काय वेडी होते संशय घ्यायला? कोणीही घेतला असता.

मी ठरवलं, ही जे खाते तेच आपण खायचं. ती डोळ्यात डोळे घालून बसली की एखादा घास गिळायचे, बाकीची पोळी पदरात. दुपारी ती गोठ्याकडं वळली की तिच्या दुरडीतली भाकर काढून कोरडीच खायची आणि पदरातली पोळी म्हशीला. म्हैस मेली की सगळ्यांना कळेल, असा माझा हिशोब. म्हैस काही मेली नाही, चांगली तुकतुकीत झाली. पण म्हशीचं पोट केवढं, तिला थोडक्या विषानं काय होतं, अशी मी माझी समजूत घातली.

आणि मी बरी व्हायला लागले. झालं! आता पुरावाच मिळाला. पोळीत विष आहे, भाकरीत नाही.

तिकडं सासूही मला जोखायला लागली होती. "दुरडीतली भाकर कोन नेऊन राह्यलं?" असं घरादाराला ऐकवायची, डोळे माझ्यावर. उष्ट्या भाकरीवर करणी करतात, असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. मग तिनं दुरडीला सुतळी बांधली. मी सुतळी सोडून पुन्हा तशीच बांधायला शिकले. एका चुलीपुढं दोघी, आणि दोघी एकमेकींच्या हाताकडं बघत बसलेल्या.

मी सुधारले हे कळल्यावर आईनं मला माहेरी नेऊन मारुतीला बोललेला नवस फेडायचा काढला. आमच्याकडं नवसाचे रोडगे करतात, म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि वरणात, तुपात चुरून खातात. सासूनं नवसासाठी पोतंभर गहू धाडला. देवाचा प्रसाद आणि आईच्या हातचा, म्हणून मी मन लावून खाल्ले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी अंथरुणावर. पोट फुगलेलं, लोटा उशाशी.

आईचा चेहरा काळाठिक्कर पडला. मग एकदम तिला आठवलं. "गहू कोनाचा व्हता? तुह्या सासूचाच व्हता ना!"

"माय वं, तू बी खाल्ले ना रोडगे?"

"खाल्ले."

"गावानं बी खाल्ले. तुले काई झालं? गावाले काई झालं?"

मी पडल्या पडल्या आढ्याकडं बघत राहिले. लहानपणीचे सणाचे दुसरे दिवस एकेक करून आठवले. तेव्हा कुठं सासू होती?

पण आईनं विषाचं आधीच माझ्या मामाच्या कानावर घातलं होतं आणि तो ऐकणारा नव्हता. मला जरा उठबस करता आल्यावर तो आईला आणि मला घेऊन सासरी निघाला, फारकत मागायला. माझा जीव टांगणीला. मला नव्हती हो पाहिजे फारकत! मालक चांगले होते. मंगरूळपीरच्या बाजाराहून येताना माझ्यासाठी फुटाण्याची पुडी सदऱ्यात लपवून आणायचे. तो माणूस सोडून कुठं जाऊ?

ओसरीवर मामाला ताट वाढलं. मला आतल्या दाराशी. ताटात पोळी. मामानं ताट सरकवलं.

"ह्या घरचं पानी बी नको. पोरीले इख घालता! फारकत द्या आमची. भावाची पोरगी आना खुशाल."

सासरे मान खाली घालून बसले. मालक खांबाला धरून उभे. सासू आली, माझ्या ताटातली पोळी उचलली, घडी केली आणि सगळ्यांदेखत तोंडात कोंबली.

"पाहा," ती चावता चावता म्हणाली. "मरून राह्यली का मी?"

मी उठले. मागच्या खोलीत गेले, सुतळी सोडली, दुरडी घेऊन आले. दारात बसून भाकर मोडली. नव्या सुनेनं चार माणसांत तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

"कोनी इख घालत नाही, मामा. मायच्या हातचे रोडगे खाल्ले तरी तेच झालं. मले गहूच सोसत नाही. भाकर सोसते."

सासू दुरडीकडं बघत होती. "म्हंजे माही भाकर तू चोरत व्हती?"

"व्हय."

"अन् पोळी?"

"म्हशीले."

ती मटकन खाली बसली. "मी या घरात आली तं सासू मले शिळी भाकर दे. भितीकडं तोंड करून खाय म्हने, पाहुन्यायले दिसू नाही. तवाच ठरोलं, माही सून पोळी खाईन, अन् माह्यासमोर बसून खाईन. आन तू म्हशीले घातली वं!" तिचे डोळे वाहायला लागले. माझेही.

मामा चाचरत म्हणाला, "पन सुनेले भाकरीवर ठेवता, लोक थुंकतील."

"थुंकू द्या. माह्या तोंडावर थुंकतील. तिचं पोट तं नाही दुखनार."

मामानं ताट ओढून घेतलं आणि जेवला. लोक पुढं खरंच बोलले. खात्यापित्या घरची सून, आणि सासू पोळीला हात लावू देत नाही म्हणाले. तिनं कधी कोणाला उत्तर दिलं नाही. लग्नाकार्यात माझ्या पत्रावळीवर ती आपल्या पदरातली भाकर ठेवायची, सगळ्यांदेखत.

मामा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळ्या मी लाटल्या. सासू सवयीनं भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिचं ताट उचलून चुलीकडं फिरवलं आणि त्यात गरम पोळी वाढली, वर तूप.

"मले कायले?" ती म्हणाली.

"तुमच्यासाठीच केली."

तिनं घास मोडला. तोंडाशी नेला आणि थांबली. माझ्याकडं रोखून बघितलं. "काई घातलं तं नाही ना वं यात?"

मग तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि लग्नापासून पहिल्यांदा मी तिचे दात पाहिले.

"तूप घातलं," मी म्हणाले. "खा, आत्याबाई. आखी खा."

आणि शेवटचा घास गिळेपर्यंत मी समोर बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिले.