बेडकाला बसवलेली विंच

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागं हे सांगताना आमच्या मेव्हण्याला असा ठसका लागला की चहा नाकातून आला, आन बायकोनं बोल लावला मला. हसायचं तर खुशाल हसा. गाढवपणा माझाच हाय, आन तो मी गुपचूप न्हाई, नारळ फोडून, गावाला बोलावून केलाय.

तर झालं असं. घाटनांदूरच्या अलीकडं आमची शेती. तिकडं एकानं शहरातल्या लोकांसाठी शेतावर पर्यटन काढलं होतं, ते बुडालं. त्याच्याकडची एक गाडी मी आणली. चार जाडजूड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, चिखल बघत न्हाई का दगड बघत न्हाई. हिरवा रंग, पुढं दोन बटबटीत दिवे. गावात शिरल्या शिरल्या लोकांनी नाव ठेवलं, बेडूक.

आमचे वडील, त्यांना आमी तात्या म्हणतो, त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आन विचारलं, "ही करती काय?"

"सगळं करती. खत नेती, फवारणीचा पंप नेती, कुठं बी जाती."

"ते झालं. पण वढती का?"

आता हा प्रश्न बेडकाबद्दल नव्हता, हे तुमाला सांगायला पायजे. आमच्या दारात एक बैलजोडी हाय, हरण्या आन बांड्या. कामाला चांगले, पण त्यांचं वैरण-पाणी, शेण, राखण, सगळं तात्या या वयात एकटे करायचे. माझं कवापासून चाललं होतं, बैल इका, आता कोण ठिवतंय बैल? तात्या म्हणायचे, बघू. बघू म्हंजे न्हाई, हे काय मला कळत न्हाई का?

त्या दिवशी मात्र तेच म्हणाले, "बैलाचं एक काम ह्या बेडकानं करून दाखव. मग येत्या बाजाराला जोडी काढू."

शब्द म्हंजे शब्द. मी तडक घाटनांदूर गाठलं. तिथं रशीदभाई वेल्डर हायेत, दोस्त माणूस. त्यांनी गाडीच्या पुढं जाड पट्टी ठोकून मजबूत हूक बसवला, वर विंच बसवली. विंच म्हंजे काय, तर लोखंडी दोराचा रहाट. बटण दाबायचं, बॅटरीवर तो फिरतो, दोर गुंडाळतो आन अडकलेलं वढून काढतो.

रशीदभाई म्हणाले, "भाऊ, वायरी बी जोडून देतो. चहा येईस्तोवर काम खतम."

म्हणलं, "राहू द्या. त्याचा व्हिडिओ बघितलाय मी."

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. "व्हिडिओ बघून माझ्या भाच्यानं बिर्याणी केलती," एवढंच बोलले आन हात पुसायला लागले. मला असा राग आला, वाटलं तवाच उठून जावं. गेलो बी.

घरी येऊन वायरी जोडल्या, हळदकुंकू लावलं, लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. बटण दाबलं, रहाट गरगर फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोर हातानंच नीट गुंडाळून ठिवला, नवीन वस्तूला उगं ताण कशाला? आता काम पायजे होतं. आन देव बी कसा बघा, दुसऱ्या दिवशी सकाळीच काम धाडलं.

जनाकाकू आमच्या शेजारी. चार म्हशी, त्याच्यावर त्यांचं घर चालतं. त्यातली गाभण गंगी पाझर तलावात पाण्याला गेली आन रुतली. उन्हाळ्यात गाळ उपसलेला, जागोजागी खड्डे, वरून वाळलेलं दिसतं आन आत लोणी. मी पोचलो तवर गंगी पोटापर्यंत आत. हालायची बी थांबली होती. काकू काठावर उकिडव्या बसून तिच्याशी बोलत होत्या, "दम धर माय, दम धर."

तात्या तिथंच होते. शेतात टाकायला गाळ न्यायला बैलगाडी घिऊन आले होते. म्हणाले, "बैल जुपतो अन् काढतो."

"थांबा की तात्या," मी म्हणालो. "मशीन कावून आणलीय मग?"

काकू म्हणाल्या, "कुणी बी काढा रे, पण काढा."

चौघांनी चिखलात उतरून गंगीच्या पुढच्या पायांमागून जाड पट्टा घातला, त्याला विंचेचा दोर अडकवला. तात्या म्हणाले, "तुझ्या गाडीपरीस म्हैस जड हाय. गाडी मागून कशाला तरी बांध, न्हाईतर म्हशीशेजारी तूच बसशील."

बरोबर होतं. पण बांधायचं कशाला? त्या उजाड गाळात एक बाभळ बी न्हाई. इथं माझं डोकं चाललं, आन माझं डोकं चाललं की घरचे आधी पाण्याचा तांब्या शोधतात. म्हणलं, "बैल हायेत की. बैलगाडीपासून सोडा, ह्या बेडकाच्या मागं साखळी लावा आन नुसते हुबे करा. खुट्यावाणी."

तात्या एकदा बैलांकडं बघून म्हणाले, "खुट्यावाणी?"

"हा. नुसतं हुबं राहायचं. काम मशीन करंल."

तात्यांनी बैल सोडले. जू मानेवर ठिवलं, साखळी लावली, बैलांपुढं जाऊन हुबे राहिले.

मी बटण दाबलं. विंच घरघरली. दोर ताणला, गाडी हादरली आन हळूहळू मागं सरकायला लागली. मी वरडलो, "बघा ताकद. गाडी सुद्धा मागं सरायली." गंगीनं एकदम मान वर केली, पुढचे पाय सुटले, चिखलानं मोठा आवाज केला आन म्हैस बाहेर. थरथरत हुबी राहिली, मग काकूच्या पदराला तोंड पुसलं. काकू तिच्या गळ्यात पडून रडल्या. नंतर माझ्या गालावरून चिखलाचा हात फिरवला, म्हणाल्या, "लेकरा, तुझी मशीन देवासारखी धावली."

मग काय विचारता. कुणीतरी व्हिडिओ काढला होता, तो दुपारपर्यंत चौसाळ्याला पोचला. तिथला साडू फोनवर म्हणतो, "दाजी, तुमी तर गाजायलाव." पारावर माझा नारळ-शाल देऊन सत्कार झाला. मी भाषण केलं, भाऊ. बदलत्या काळाबरोबर शेतकऱ्यानं बदललं पायजे, असं काहीबाही. शेवटी सगळ्यांसमोर म्हणलं, "तात्या, ठरल्यापरमाणं आता जोडी बाजारात."

"बरं," तात्या म्हणाले आन बैलांना पाणी पाजायला गेले.

बाजाराच्या दिवशी, आमी निघायच्या आधीच, धर्मापुरीचा एक व्यापारी घरी आला. तात्यांनी सकाळी बैल धुतले होते, शिंगाला तेल लावलं होतं. त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं मला. म्हणून तर जास्त जोरात बोलायलो होतो. व्यापाऱ्याला म्हणलं, "बैल का काढायलो ते बघा तरी." दारातल्या लिंबाला दोर बांधला. विंचेनं दोर गुंडाळला की गाडी आपोआप झाडाकडं गेली पायजे.

बटण दाबलं. विंच घरघरली. गाडी जागच्या जागी.

परत दाबलं. दोर सैल पडून गाडीपुढं वेटोळं व्हायला लागला.

व्यापाऱ्यानं वाकून दोर बघितला. "दादा," तो म्हणाला, "ही वढती का सोडती?"

आता कळलं का तुमाला? मी वायरी उलट्या जोडल्या होत्या. वढायचं बटण दाबलं की दोर सुटायचा. नारळ फोडला तवा रहाट फिरला, एवढंच आमी बघितलं. कुठल्या अंगानं फिरला हे बघायला कुणाला सवड होती?

व्यापाऱ्यानं खिशातून फोन काढला. तलावाचा व्हिडिओ त्याच्याकडं बी होता. गाव बघत होतं म्हशीला आन मला. त्यानं बघितले बैल. "हे बघा. विंच घरघरली की दोघं कसे खाली वाकले. खुर कसे रोवलेत. म्हैस ह्यांनी काढलीय, गाडीसकट. तुमची मशीन तर तिला परत चिखलात सोडायली होती."

खरंय. आयुष्यभर वढायला शिकवलेल्या बैलाला मी सांगत होतो खुट्यावाणी हुबा राहा. त्यांना कसं जमंल? जनाकाकूची गंगी वाचली ती माझं न ऐकल्यामुळं.

मी तात्यांना विचारलं, "तुमाला ठाव होतं?"

"मी बैलांच्या तोंडापुढं हुबा होतो की."

"मग बोलला कावून न्हाई?"

तात्यांनी हरण्याची पाठ थोपटली. "बोललो असतो तर तू म्हणला असता, म्हातारा बैलाच्या मायेपायी बोलायलाय. आन माया बी हायच. मग कुठल्या तोंडानं बोलू?"

सत्काराची शाल मी घडी करून कपाटात अगदी खाली ठिवली.

व्यापारी चहा पिऊन तसाच गेला. पण मी हट्टी. बटण दाबून दाबून वायरी सरळ करायला बसलो तर बॅटरी बसली. बेडूक चालूच हुईना. रशीदभाईंकडं नेल्याशिवाय इलाज नव्हता, आन न्यायला एकच साधन. तात्यांनी बैल आणले आन पुढच्या हुकाला साखळी लावली. मी हँडल धरून वर बसलो.

"हूक मात्र लई मजबूत बसवलाय," तात्या म्हणाले.

त्या दिवशी घाटनांदूरचा बाजार. रस्त्यानं ही गर्दी, सगळे ओळखीचे. एक जण गाय घिऊन चालला होता, त्यानं तेल लावलेली शिंगं बघितली आन तात्यांना विचारलं, "जोडी इकायला काढली का पाव्हणं?"

"बैल न्हाई," तात्या म्हणाले. "मागचं काढायचंय."

त्यानं मागं वळून बेडूक बघितलं, वर बसलेला मी बघितला.

"नुसती गाडी," त्यानं विचारलं, "का माणसासकट?"

आन आमच्या वडलांनी, सख्ख्या वडलांनी, बैल थांबवून त्याच्यावर इचार केला.