कारणाचा रकाना

"तू पाह्यलं का, का कोणी सांगतलं?"

चष्मा कपाळावर सरकवून आमच्या मॅडम हे विचारायच्या. चहावाला आज येणार नाही असं सांगितलं, तरी हेच. तुम्ही कधी ऑडिटरच्या हाताखाली काम केलं असेल, तर तुम्हाला हा प्रश्न नवा नसेल. मला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि मोठ्यांनी सांगितलेलं खरं मानायची सवय घरूनच लागलेली.

सीए व्हायचं तर आधी एखाद्या सीएकडे ठरावीक काळ उमेदवारी करावी लागते. कुहीजवळच्या गावातून येऊन मी नागपुरात धंतोलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात लागले, तेव्हा आम्ही पाच उमेदवार होतो.

पहिल्याच महिन्यात एका शाळेचं ऑडिट होतं. यादीत अकरा पंखे होते, मी अकरा लिहिले.

"पाह्यले?"

"शिपाईकाका म्हणाले, मॅडम."

त्या उठल्या. प्रत्येक वर्गात जाऊन बटण दाबायला लावलं. दहा फिरले. अकरावा मागच्या क्वार्टरमध्ये हेडमास्तरांच्या डोक्यावर फिरत होता, आणि खाली ते जेवत होते. मॅडमनी त्यांना ताटावरून उठू दिलं नाही. "जेवा सर, निवांत. पंखा काही पळून नाही जात." परत येताना मला समोसा खाऊ घातला आणि म्हणाल्या, "आता तू अर्धी ऑडिटर झाली."

त्या समोशाइतकं शाबासकीचं काही मला आधी कोणी दिलं नव्हतं. हे लिहिताना थोडं संकोचल्यासारखं होतं, पण तसंच आहे.

मग एकेक जण जाऊ लागला. कोणी विमानतळाजवळ मिहानमधल्या कंपनीत, कोणी पुण्याला. मॅडम कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आल्या. तरुण मुलं या व्यवसायात का टिकत नाहीत, असा विषय होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॅरम आला. आठवड्याभरात त्याच्यावर फायलींचा ढीग चढला. मग त्यांनी आम्हाला समोर बसवलं. वहीत बघून विचारलं, "तुमाले काय पाहिजे, मोकळेपणानं सांगा."

शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, रविवार."

त्या हसल्या. दोन रविवार दिलेसुद्धा. तिसऱ्याला रिटर्नची शेवटची तारीख जवळ आली होती. त्या काही वाईट नव्हत्या हो. त्या स्वतःही रविवारी तिथेच असायच्या.

शेवटी मी एकटी उरले. माझी धाकटी बहीण बारावी झाली होती आणि तिला शिकायला नागपुरात आणायचं होतं. माझं विद्यावेतन माझ्याच खोलीला पुरत नव्हतं. मिहानमध्ये नोकरी मिळत होती, पण उमेदवारी मध्येच सोडायला मॅडमची सही लागते, आणि सीएंच्या संस्थेच्या फॉर्मवर कारण लिहावं लागतं. नोकरी हे कारण चालत नाही, असं आधी गेलेल्यांनी सांगितलं. मी लिहिलं, वडिलांचं आजारपण. लिहिताना पेन दोनदा थांबला. शुक्रवारी फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, मला कधी नव्हे ती सुट्टी दिली, आणि त्यांनी काहीच विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी खोलीवर असताना बाबांचा फोन आला. "तुह्या मॅडम आल्या होत्या गावात. सफरचंदं आणले. मले म्हणे, तब्येत कशी आहे? मी म्हटलं, तब्येतीले काय झालं, आत्ता बांधावरून आलो. मग चहा घेतला, तुह्या आईशी बोलल्या, गेल्या. काहून आल्या होत्या वं?"



सोमवारी फॉर्म त्यांच्यासमोर होता.

"नोकरी लिहिलं तर सोडत नाहीत, मॅडम. सगळे असंच लिहितात."

"मले माहीत आहे. आधीच्या चौघांच्याही घरी आजार होता. मी चौघांवर सह्या केल्या."

"मग माझ्याच घरी..."

"तपासाले नव्हती गेली वं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, खरंच आजारी आहेत. भेटाले गेली होती."

माफी मागायचं ठरवून आले होते. त्याआधीच त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

त्यांनी 'वडिलांचं आजारपण' यावर एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'उमेदवार टिकेल अशी सोय मी करू शकले नाही.' खाली सही केली.

"याच्यानं पुढे तुम्हाला नवीन उमेदवार मिळायला त्रास होईल, मॅडम."

"होईल," त्या म्हणाल्या. "पण याच्यावर मले सही करता येते."

फॉर्म मंजूर झाला. मिहानच्या कंपनीत पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र आलं, हातात कंपनीची नवी पाण्याची बाटली. त्याच दिवशी मॅडमचं कळमेश्वरच्या एका गोदामात काम होतं, तारीख मीच लावून दिली होती. मालाच्या मोजणीला दोन माणसं लागतात. एकानं शिडीवर चढून आकडा सांगायचा, दुसऱ्यानं खाली उभं राहून लिहायचा.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन काढला, त्यांचं नाव समोर आणलं. सोबत कोण आलंय, एवढंच विचारायचं होतं. सुट्टी संपेपर्यंत मी त्या नावाकडे बघत बसले.