खिरापतीचा डबा

“माह्या हातात डबा देऊ नका बाप्पा, माहा हात चुगली करते,” असे म्हणत काकू डब्यासाठी दोन्ही हात पुढे करायच्या.

तुमच्या गल्लीत भुलाबाईची गाणी झाली असतील, तर खिरापतीचा खेळ तुम्हाला ठाऊक असेल. झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. सौसरच्या आमच्या गल्लीत तो हलवावा लागत नसे. शेजारच्या काकूंच्या हातांना कंप होता. मांडीवर धरताच डबा वाजू लागे.

“फुटाणे!” पोरी म्हणत.

“पाहा, सांगतलं ना यानं,” म्हणून काकू हाताकडे रागाने बघत आणि पुढचे गाणे उचलत. त्यांचा आवाज नव्या माठातल्या पाण्यासारखा होता, गार आणि किंचित मातीच्या वासाचा.

पुढे कप ओठांपर्यंत पोहोचेना. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. मेंदूत बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. हात निवले. पहिला चहा न सांडता पिऊन काकू रिकामा कप कितीतरी वेळ धरून बसल्या होत्या. पण शब्द मात्र जड झाले, जिभेवर ओले कापड ठेवल्यासारखे. गाणे तर उमटेचना.

म्हणून मेंदूची चित्रे काढायचे ठरले, एक छातीतले यंत्र चालू ठेवून, दुसरे ते बंद करून. सोबत मी गेले होते. डॉक्टरांनी दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी मांडली. कंप शमवणारा प्रवाह बाजूच्या, वाचेच्या वाटेपर्यंत पसरतो, असे त्यांनी समजावले. प्रवाह कमीजास्त करून झाला. आवाज सुटला की हात थरथरे. शेवटी त्यांनी विचारले, “आजी, हात ठेवू की आवाज?”

“रोजच्याले हात,” काकू सावकाश म्हणाल्या. “गाण्याच्या दिवशी आवाज. बटण माह्यापाशी द्या.”

डॉक्टरांनी खरोखरच छोटा रिमोट दिला. परतताना बसमध्ये काकूंनी संत्रे सोलले आणि एकही फोड न फुटू देता माझ्या ओंजळीत ठेवले.

त्यानंतर भुलाबाईच्या संध्याकाळी त्या पाटावर बसत, छातीशी रिमोट नेत आणि म्हणत, “थांबा पोरीहो, येऊन राहिला.” आम्ही सगळ्या थांबत असू. आधी बांगड्या किणकिणत, मग मांडीवरचा डबा बोलू लागे, आणि त्यामागून अंधुक, मग स्वच्छ, तो आवाज येई. गाणी संपेपर्यंत काकू पाण्याचा पेलाही उचलू शकत नसत. कोणी पाजायला गेले तर मानेनेच नको म्हणत.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या.

यंदा पोरींनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि कान देऊन बसल्या. “काकू, वाजवा ना,” एक मला म्हणाली.

मी दोन्ही हात झाकणावर ठेवले. ते अगदी स्थिर होते. मी तशीच थांबून राहिले, बांगड्या आधी किणकिणतील म्हणून.