जिथं आपलं दुकान नाही

आमच्या गावच्या जत्रेला पहिल्यांदा आलेला माणूस देवळामागच्या मैदानातल्या गाड्या पाहून बुचकळ्यात पडतो. केरळ, तामिळनाडू, पंजाब, बंगाल, आसाम, सगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटी तिथं असतात. त्याला वाटतं, देव फारच जागृत दिसतोय. देव साधाच आहे. गाड्या आमच्याच लोकांच्या आहेत. सांगली जिल्ह्याच्या ज्या टोकाला आमचं गाव आहे तिथं पाऊस यायचा राहिला की राहतोच, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांपूर्वी इथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून देणं. देशात जिथं सराफांची दुकानं आहेत, तिथं जवळच्या एखाद्या बोळात आमच्याकडचा एक माणूस भट्टीपुढं बसलेला सापडतो.

मी याच गावच्या शाळेत शिक्षक होतो. दरवर्षी चौथीच्या वर्गात भिंतीवर भारताचा नकाशा टांगायचो आणि हा देश पाहायला जगभरातून लोक का येतात, ते सांगायचो. हिमालय, समुद्र, वाळवंट, देवळं, नाना भाषा, नाना तऱ्हेचं जेवण. कारणं फळ्यावर लिहून द्यायचो, मुलं ती वहीत उतरवून घ्यायची. मी स्वतः मिरजेच्या पुढं रेल्वेनं कधी गेलो नव्हतो. ज्या मुलाला नकाशात कोईमतूर दाखवता आलं नाही म्हणून मी छडी मारली, तो पुढं कोईमतुरातच दुकान टाकून बसला. मला कोईमतूर अजूनही नकाशातच दाखवता येत होतं.

निवृत्त झाल्यावर विषय बायकोनं काढला. ती वांगी चिरत होती आणि मी पेपर वाचत होतो.

“जल्मभर पोरांना देश बघायला सांगितला न्हवं? मग चला की आता,” ती म्हणाली. “पर असं ठिकाण बघा, जिथं आपल्याला कोण ओळखत न्हाई.”

मी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं वांग्याबरोबर चिरलं गेलं. वास्तविक तेच ऐकायला हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं गावात एकही पाऊल असं टाकलं नव्हतं, ज्याची बातमी मला संध्याकाळपर्यंत मिळाली नाही. गुरुजींची बायको म्हणून तिनं डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही, दारात उभी राहून मोठ्यानं हसली नाही. आणि मी कुठं जायचं हे ठरवण्यासाठी आधी काय केलं, तर कोईमतूरच्या त्या विद्यार्थ्याला फोन केला.

अर्ध्या तासात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या सहलीचा कार्यक्रम येऊन पडला. बंगळूर, कोईमतूर, त्रिशूर, मदुराई. कोणत्या गाडीनं यायचं, कोण न्यायला येणार, किती दिवस राहायचं, सगळं. मी लॉजचा विषय काढून पाहिला. त्यावर त्रिशूरच्या विद्यार्थ्याचा फोन आला. गुरुजी, लॉजवर राहिलात तर जत्रेला आमी तोंड कुठं दाखवायचं, असं तो विचारत होता. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मला फार अभिमान वाटला. एवढ्या मोठ्या देशात आपल्याला एकही रात्र परक्याच्या घरी काढावी लागणार नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती पिशव्या भरायला लागली. मी ते होकारात धरलं.

मिरजेहून निघालो. बंगळूरला फलाटावर माणूस उभा होता. त्यानं आमच्या पाया पडून पिशव्या घेतल्या, बोळाबोळांतून दुकानावर नेलं, भट्टी दाखवली, तेजाबात सोनं कसं साफ होतं ते दाखवलं. वरच्या मजल्यावर राहायची खोली होती. हल्ली बरेच जण बायकापोरं जवळ ठेवतात, पण आम्हाला भेटले त्यांच्या बायका पोरांच्या शाळांपायी गावाकडंच होत्या. हा गडी वर्षभर हातानं भात शिजवून खात होता. चहा झाल्यावर त्यानं फळीवरून एक डबा काढला आणि तो बायकोपुढं ठेवला.

“काकी, गावाकडच्या शाळूचं पीठ हाय. तुमी येणार म्हणून ठेवलंय.”

बायकोनं हात धुतले आणि परात मागितली. परात होतीच. तिनं भाकरी थापल्या, पिठलं केलं, मिरचीचा खर्डा केला. तो जेवताना रडला. मलाही गलबलून आलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोळातले दोघं आले. तेही आपल्याच भागातले निघाले. ते पीठ स्वतःचं घेऊन आले होते.

कोईमतूरला हेच झालं. फक्त पिठल्याच्या जागी झुणका, कारण तिथल्या विद्यार्थ्याला झुणका लागत होता. देश विविधतेनं नटलेला आहे, हे मी छत्तीस वर्षं शिकवलं. विविधता अजून कुठं दिसली नव्हती. एकता मात्र प्रत्येक फलाटावर न्यायला आली होती.

त्रिशूरला खोलीची खिडकी रस्त्यावर उघडत होती. सकाळी बायका न्हाऊन, ओले केस पाठीवर मोकळे सोडून, पांढऱ्या साड्या नेसून रस्त्यानं चालल्या होत्या. कुणाच्या डोक्यावर पदर नव्हता. माझी बायको पिठाच्या हातानं खिडकीशी उभी राहून पाहत राहिली. तिनं विचारलं, या कुठं निघाल्यात. तिथला विद्यार्थी म्हणाला, “देवळात, काकी. भाकरी करपतीया बघा.” ती परत तव्याकडं गेली. आम्हीही देवळात जाणारच होतो, पण दुपारी गावाकडचे आठजण जेवायला यायचे ठरले.

मदुराईला देऊळ पाहिलं. तिघं विद्यार्थी बरोबर होते. गोपुरावर किती रंगीत मूर्ती आहेत हे मी पाहत असताना ते आतल्या दागिन्यांत तांबं किती असेल यावर बोलत होते. बायको मागून चालत होती, पदर नीट डोक्यावर, कारण पुढं मागं गावच होतं.

त्या दिवशी दुपारी दुकानाच्या गच्चीवर ती धुतलेले कपडे वाळत घालत होती. मी जवळच खुर्ची टाकून बसलो होतो आणि तिला सांगत होतो, की आपण एवढं फिरलो आणि कुठंही परकं वाटलं नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे. तिनं माझा सदरा झटकून दोरीवर टाकला.

“आवं, पंधरा दिवस झालं,” ती म्हणाली. “मी घरीच हाय अजून.”

ती चिडून बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती बाजारात मेथी नव्हती असं सांगावं तशी बोलली. मी गच्चीवर बसून पंधरा दिवस मोजले. तिनं या सहलीत एकही घास दुसऱ्याच्या हातचा खाल्ला नव्हता. मला वाईट वाटलं, आणि उशिरा वाटलं म्हणून आणखी वाईट वाटलं.

जेवताना तिनंच मदुराईच्या विद्यार्थ्याला विचारलं, आपलं दुकान नाही असं गाव इकडं कुठलं आहे. त्याला हा आपल्या लोकांच्या कर्तबगारीवर घेतलेला संशय वाटला. त्यानं चार फोन केले. सगळीकडं कुणी ना कुणी निघालं. शेवटी एक गाव सापडलं, समुद्रकाठचं, मासेमारीचं. तिथं पूर्वी आपला एकजण होता, पण धंदा चालेना म्हणून तो दुकान उचलून गेला. आता कोण न्हाई, तिथं जाऊन करायचं काय, असं तो म्हणाला.

“काय न्हाई करायचं,” बायको म्हणाली. “म्हणून तर जायचं.”

तो हसला. त्याला वाटलं काकी गंमत करतायत. आम्हाला एकटं सोडणं त्याला पटणारच नव्हतं, म्हणून मी त्याला खोटं सांगितलं. गुरुजी विद्यार्थ्याशी खोटं बोलले, याची नोंद कुठंतरी व्हावी म्हणून इथं लिहितो. परतीच्या गाडीत त्यानं आम्हाला बसवून दिलं, खिडकीतून फोटो काढला आणि तो ग्रुपवर टाकला. पुढच्याच स्टेशनला आम्ही उतरलो आणि बस धरली. ग्रुपवर आम्हाला शुभ प्रवासाचे संदेश येत होते. मी फोन बंद केला.

त्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या जत्रेपर्यंत तिथं दुकान निघेल.

बसस्टँडवर उतरलो आणि मी सवयीनं पाच मिनिटं उभा राहिलो. कुणी आलं नाही. पाट्या वाचता येत नव्हत्या. मासळीचा वास होता. मला, खरं सांगायचं तर, भीती वाटत होती. बायकोनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला आणि समुद्र असेल त्या दिशेनं चालायला लागली. मी पिशव्या घेऊन मागं. वाऱ्यानं तिचे केस सुटले, ते तिनं बांधले नाहीत. मी चोरून इकडंतिकडं पाहिलं. कुणीही आमच्याकडं पाहत नव्हतं.

बंदराच्या मागं एक बाई घरातल्या दोन खोल्या भाड्यानं देत होती. चाळिशीची, कुंकू मोठं, आवाज मोठा. हातवाऱ्यांनी व्यवहार ठरला. दुपारी तिनं आम्हाला जमिनीवर बसवलं, केळीची पानं मांडली आणि भात, माशाचं कालवण, चिंचेचं सार असं वाढत गेली. बायको मुकाट जेवत होती. एवढं जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, कारण एरवी मी जेवून उठल्यावर ती बसते. जेवण झालं तशी ती उष्टी पानं उचलायला लागली. त्या बाईनं तिचं मनगट धरलं, तिला खाली बसवलं आणि तिच्या भाषेत काहीतरी दटावलं. बायको हसली. मोठ्यानं.

मग ती बाई समोर मांडी घालून बसली. छातीवर हात ठेवून तिनं स्वतःचं नाव सांगितलं आणि माझ्या बायकोकडं बोट केलं.

बायकोनं नाव सांगितलं. मी मान वळवून मागं पाहिलं. मला वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी बाई आली आहे.

ते तिचं माहेरचं नाव होतं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं मी तिचं नवं नाव लिहिलं होतं, माझ्या आत्यानं सुचवलेलं. अक्षर सुंदर आल्याचं सगळ्या मांडवानं कौतुक केलं होतं. ते नाव रेशनकार्डावर गेलं आणि तिथंच राहिलं, कारण मला हाक मारायला ‘अगं’ पुरत होतं. जुनं नाव मी लग्नपत्रिकेत एकदा वाचलं असेल. ते तिनं टाकून दिलं असेल, असं मी धरून चाललो होतो. खरं म्हणजे मी काहीच धरलं नव्हतं, मला ते आठवतच नव्हतं. मला फार लाज वाटली.

त्या बाईला ते नाव नीट म्हणता येईना. तिनं ते तीन-चारदा, दरवेळी वेगळं मोडून, मोठ्यानं म्हणून पाहिलं. आणि दरवेळी माझ्या बायकोनं ओ दिली.